तात्यांचं नाक

इंदापुरातल्या एका कॉलेजात पोरांना माझी वाटचाल सांगायला गेलो होतो. भाषणाआधी चहा आला. कप ओठांना लागायच्या आत मी खाली ठेवला. "दूध नासत आलंय," म्हणालो. प्राचार्य ओशाळले, पोरं खूश झाली.

मला बारामती एमआयडीसीतली डेअरी आठवली. मी तिथं नवा केमिस्ट होतो. आलेल्या कॅनमधल्या दुधाचा वास घ्यायचं काम भिवा तात्यांकडं. मेंढरं विकून ते पन्नाशीत ह्या कामाला लागलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नाकावर भारी विश्वास. "झाकण उघडल्यावर पयला वास खरा. दुसऱ्यांदा हुंगलं की नाक फसतंय," हे त्यांनीच मला शिकवलं.

एका सकाळी ते म्हणाले, "सायेब, ह्ये कॅन घिऊ नगा. दूध आंबाय लागलंय." मशीन फॅट चांगली दाखवत होतं. "तात्या, ही मेंढरं न्हाईत," असं चारचौघांत म्हणत मी कॅन टाकीत ओतायला लावले. दुपारी तापवताना अख्ख्या टाकीतलं दूध फाटलं.

कॅन तात्यांनी पास केले, असा रिपोर्ट मी लिहिला आणि अंगठ्यासाठी त्यांच्यापुढं धरला.

"काय लिवलंय?"

"दूध खराब होतं, असं."

"मग खरंच हाय की," म्हणत त्यांनी समाधानानं अंगठा उठवला. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

भाषण संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, नुसत्या वासानं ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. स्वतःवर विश्वास पाहिजे," मी म्हणालो.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.