डाव्या हाताने मारलेली पिन

दिगूभाऊ गेल्याची बातमी ज्या माणसाच्या मेसेजमधून मला कळली, त्याला सोडायचं नाही, हे मी तो मेसेज वाचता वाचताच ठरवलं. सकाळची वेळ होती. शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती आणि माझ्या दुबईतल्या नव्या ऑफिसची बस जागची हलत नव्हती. जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर सुभेदारांनी लिहिलं होतं, ‘आपल्या ग्रुपचं एक अनमोल रत्न हरपलं.’ खाली हात जोडल्याची तीन चित्रं. दिगूभाऊंच्या बायकोचे, मालतीवहिनींचे, चार मिस्ड कॉल मला त्यानंतर दिसले. दिगूभाऊ पहाटे चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशीच कोसळले… डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. मी बसमध्ये रडले, हे खरं आहे. पण रडतानाही डोक्यात एकच होतं, की ज्याने या माणसाला शेवटची दीड वर्षं मान खाली घालून जगायला लावलं, त्याने हे रत्न वगैरे लिहावं?

दिगूभाऊ म्हणजे दिगंबर, मूळचे साताऱ्याकडचे. शारजा औद्योगिक क्षेत्रात खोकी आणि लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात ते छपाई तपासायचे. त्याच कारखान्यात मी कागदपत्रांच्या टेबलावर होते, आणि आम्ही राहायचोही एकाच इमारतीत, त्यामुळे अकरा वर्षं त्यांच्याच गाडीतून माझं जाणं-येणं झालं. रंग तसूभर सरकला तरी त्यांना दिसायचा. एकदा नवी मशीन बसवायला एक पोलिश इंजिनियर आला होता. जाताना त्याने पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली आपल्या देशाची एक जुनी नोट यांना देऊन टाकली, आणि तिथून हे खूळ सुरू झालं. लोक विचारायचे, “अहो, आपल्याकडच्या जुन्या नोटा सोडून पोलंड कुठून काढलंत?” त्यावर ते म्हणायचे, “तो देश शंभरावर वर्षं नकाशावर नव्हता. परत आल्यावर त्यांनी हौसेने नोटा छापून घेतल्या. त्या बघायला नकोत?” फारच कुणी छेडलं तर म्हणायचे, “परक्या देशात राहतो, परक्याच नोटा जमवतो. बरोबर जमतंय की!”

नोट बघणं हा त्यांचा सोहळा असायचा. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे आणि दुपारी खिडकीतून तिरपं ऊन यायला लागलं की बसायचं. हातमोजे त्यांना मुळीच चालायचे नाहीत. “मोजा घातला की कागद काही सांगत नाही,” म्हणायचे. मग नोट कडेने धरून उन्हात जराशी कलती करायची. इस्त्री करून दडपलेली घडीसुद्धा त्या उजेडात केसासारखी दिसते, हे मला त्यांनीच दाखवलं. धुतलेल्या नोटेचा कागद लुळा पडतो, छपाईचा उठाव बोटाला लागत नाही, आणि आजच्या साबणाचा अंश राहिला असेल तर जांभळ्या, म्हणजे अतिनील उजेडाच्या टॉर्चखाली ती निळसर चमकते. जुन्या कागदाने तसं चमकायचं काही कारणच नसतं. सगळं बघून झालं की पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहायची. नोटेचा नंबर, स्थिती, दोष आणि शेवटी दोषाचं कारण. हे कारण लिहिण्याचं वेड फक्त त्यांचंच. ‘कोपऱ्यात डाग. कारण : बहुधा कॉफी.’ ‘मधोमध फाटलेली. कारण : पाकिटात चार घड्या करून ठेवणारा कुणी घाईचा माणूस.’ मी हसले की म्हणायचे, “सुलू, नोट आपली आपण खराब होत नाही. कुणीतरी करतं तेव्हा होते.”

त्यांच्या सगळ्यात लाडक्या नोटेला खराब करणारी मीच निघाले.

शंभर झ्लॉटीची, पोलंडच्या चलनातली नोट होती ती. छापलेलं साल एकोणीसशे एकोणीस, पण लोकांच्या हातात आली पाच वर्षांनी. एका वॉर्सावाल्याशी दोन वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी ती मिळवली होती. घडी नाही, डाग नाही, हलवली की करकर वाजायची. ते गावी जाणार होते म्हणून सगळ्या संग्रहाची यादी करायला मी त्यांच्याकडे बसले होते. कागदपत्रांच्या टेबलावर उभा जन्म गेलेला, दोन कागद एकत्र दिसले की माझा हात आपोआप स्टेपलरकडे जातो. नोट आणि चिठ्ठी एकावर एक ठेवली आणि… कट्ट. आवाज झाल्यावरच मला कळलं मी काय केलं ते. मी डावरी. माझी पिन नेहमी उलट्या बाजूला कललेली असते, आमच्या ऑफिसात कुठलीही फाइल बघून लोक सांगायचे की ही सुलूची. तीच तिरकी पिन त्या नोटेच्या वरच्या कोपऱ्यात रुतली होती.

दिगूभाऊंनी नखाने हळूच पिन सोडवली, नोट उन्हात धरली आणि म्हणाले, “बरं… आता ही भारतीय झाली.” आपल्याकडे बँका नोटांच्या बंडलांना पिना मारायच्या ना, म्हणून. नोटांना दोन भोकं असणं आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं आहे, की संग्राहकही ती दोषात धरत नाहीत. त्यांनी त्या दुपारी चिठ्ठीवर खाली एक ओळ वाढवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर मला ‘स्टेपलरबाई’ हे नाव पडलं खरं, पण ते माझ्या ऑफिसातल्या पिनांमुळे, असंच सगळ्यांना वाटायचं.

आता सुभेदार. दुबईत मोठा व्यवसाय, इंग्रजी गुळगुळीत, आणि ग्रुपचे स्वयंघोषित अध्यक्ष. महिन्यातून एका शनिवारी दुबईच्या इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या एका सभासदाच्या फ्लॅटवर आम्ही जमायचो. तिथे मी एकटीच बाई, त्यामुळे मी काही बोलले की आधी हसायचं आणि मग ऐकायचं, अशी रीत होती. दीड वर्षापूर्वी दिगूभाऊंनी ती नोट पहिल्यांदाच तिथे नेली. सुभेदारांनी ती टेबलावर ठेवली. भोकांवर बोट ठेवून म्हणाले, “ही तर बँकेची पिन, चालतंय.” मग जांभळी टॉर्च मारली. नोट कडेने निळसर चमकली.

“धुतलेली आहे, दिगंबरराव,” ते म्हणाले.

“साहेब, खाली पांढरा टेबलक्लॉथ आहे,” दिगूभाऊ म्हणाले. “साबणाने धुतलेला. तो चमकतोय. खाली काळा कागद ठेवून बघा.”

सुभेदार हसले. “अरे भाई, प्रिंटिंगवाला आदमी, केमिकल्स हाताशी. थोडा हात साफ केला असेल, त्यात काय! नेक्स्ट नोट दाखवा, यल्ला, चला.”

सगळे हसले. काळा कागद कुणीच आणला नाही. मीही उठले नाही, हे इथे लिहायलाच हवं.

नोटा धुऊन खपवणारा, हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. दिगूभाऊंना कुणी नोट दाखवेना, त्यांचं मत कुणी विचारेना. त्यांनी शनिवारी येणं बंद केलं. ती नोट त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाली. दुबईच्या ड्रॅगन मार्ट बाजारात दुकान असलेला एक ओळखीचा गृहस्थ घरी आला आणि चारशे दिरहमला, म्हणजे आपल्या नऊएक हजार रुपयांना, ती घेऊन गेला. दिगूभाऊ चिठ्ठी बरोबर देत होते, तर म्हणाला, “कागद नको, फक्त नोट.” तो सुभेदारांचा माणूस होता हे आम्हाला नंतर कळलं.

दिगूभाऊंच्या तेराव्यानंतर सुभेदारांचा वहिनींना फोन आला. दिगंबररावांच्या स्मृतीसाठी प्रदर्शन ठेवतोय, त्यांचे अल्बम द्या, आणि सुलूताईंना दोन शब्द बोलायला सांगा. वहिनी नको म्हणत होत्या. मीच म्हटलं, “देऊ या. आणि मी बोलणार.” ती नोट सुभेदारांकडेच आहे, हे मला अजून ठाऊक नव्हतं. मला फक्त त्या माणसाला चारचौघांत बोलायचं होतं. पण हॉलमध्ये शिरले आणि समोरच काचेखाली ती दिसली. शंभर झ्लॉटी. बाजूला छापील पाटी होती : ‘वॉर्सामधील एका कुटुंबाकडून थेट. आजवर कुणाच्याही संग्रहात नाही.’ वरच्या कोपऱ्यात दोन भोकं. उलटी कललेली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. दिगूभाऊंच्या फोटोला हार घातलेला, उदबत्ती लावलेली, आणि मला मनापासून आनंद झाला. वहिनींनी आणलेल्या अल्बममधून मी ती चिठ्ठी काढली आणि माझी पाळी येईपर्यंत मुठीत धरून बसले.

सुभेदार नोटेचं कौतुक सांगत होते. एका तरुण सभासदाने विचारलं, “सर, ये होल्स?”

“बँक की पिन है. सबमें होती है,” ते म्हणाले, आणि समोरच्या सगळ्या भारतीय माना सवयीने हलल्या.

मी उभी राहिले. “सुभेदार साहेब, वॉर्साच्या त्या कुटुंबात कुणी डावरं होतं का?”

कुणाला काही कळलं नाही. मग मी सांगितलं. पिन कुणी मारली, कुठे मारली, कशी मारली. चिठ्ठीवरचा नंबर मोठ्याने वाचला. काच उघडायला लावली आणि चिठ्ठी नोटेवर ठेवली. भोकावर भोक बसलं, तिरकेपणासकट. माणसं खुर्च्या सोडून टेबलाभोवती गोळा झाली. सुभेदारांच्या कपाळावर एवढ्या थंडगार एसीत घाम आला होता आणि तो मी अगदी जवळून, सावकाश बघून घेतला.

“विकणाऱ्याने मला फसवलं असेल…” ते म्हणाले.

“असेल. मला एवढंच सांगा, ही नोट धुतलेली आहे की नाही?”

धुतलेली म्हणावं तर पाटी खोटी, नाही म्हणावं तर दीड वर्षापूर्वीचा निवाडा खोटा. मी पर्समधून काळा कागद काढला. दिगूभाऊ गेल्यापासून तो माझ्याजवळच होता, का ते मला सांगता येणार नाही. नोट त्यावर ठेवली, टॉर्च त्यांच्याच हातात दिली. नोट चमकली नाही.

“नाही,” सुभेदार म्हणाले.

“मागे ऐकू गेलं नाही.”

“नाही धुतलेली!”

मग ते वहिनींकडे वळले आणि नोट पुढे करून म्हणाले, “भाभीजी, प्लीज, ही तुम्हीच ठेवा. माझ्यातर्फे भेट.” वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “राहू दे तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “रोज बघत जा.”

सुभेदारांनी ग्रुप सोडला. कुणी म्हणतं, फार झालं, सुलूताई, गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर असा तमाशा नको होता. मला तसं वाटत नाही. दिगूभाऊंना बदनाम केलं तेही चारचौघांतच. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

पण परतताना गाडीत वहिनी एक सांगून गेल्या, ते मात्र मला झोपू देत नाही. सुभेदारांनी त्या नोटेचा फोटो चार महिन्यांपूर्वी कुणाला तरी पाठवला होता आणि तो फिरत फिरत दिगूभाऊंपर्यंत आला होता. त्यांनी ती तेव्हाच ओळखली होती.

“मी म्हटलं, अहो, चिठ्ठी आहे ना आपल्याकडे, दाखवा की,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणाले, भोकं कुणी पाडली ते सांगावं लागेल. सुलूला तिथे आधीच सगळे हसतात.”

चिठ्ठी अजून माझ्या मुठीतच होती.

तो अल्बम वहिनींनी आता माझ्याकडे दिलाय. दुपारी ऊन तिरपं झालं की मी हात धुते, कोरडे करते आणि खिडकीशी बसते. शंभर झ्लॉटीच्या जागी ती एकटी चिठ्ठी आहे. नंबर, स्थिती, आणि त्या दुपारी वाढवलेली ओळ : ‘दोन भोकं, वरचा कोपरा. कारण :’ आणि पुढे कोरं. सगळ्या अल्बममध्ये कारण न लिहिलेली ही एकच चिठ्ठी. प्रदर्शनात मला वाटलं होतं, राहून गेलं असेल. काल मी त्यांचीच पेन्सिल घेतली, टोक केलं आणि डाव्या हाताने त्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं.