रायफलीला काजळ

नाना चहा बशीत ओतत आणि भरलेली बशी उलट्या पंजावर ठेवून समोरच्याला विचारत, "देख भाऊ, हालस का?" नसायचीच हालत. मग ते समाधानाने चहा भुरकत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी खानदेशात नरडाण्याला मास्तर होतो आणि नाना माझे शेजारी. आल्या-गेल्या प्रत्येकाला ही परीक्षा पाहावीच लागे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असणारच.

रानडुकरं पिटाळायला शिवारात रायफल होती ती फक्त नानांकडे. दसऱ्याला तिची पूजा झाली की नाल्याच्या काठी भोपळा ठेवून ते एक गोळी झाडत. एका दसऱ्याला नेम हुकला. पुन्हा धरला, पुन्हा हुकला. कोणी हसलं नाही, तेच वाईट झालं. मुलगा म्हणाला, आता वय झालं, परवाना परत करू. त्या दिवसापासून नाना चहा कपानेच पिऊ लागले. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

पुढे एकदा रायफल पुसताना त्यांनी स्क्रू काढायला घेतले, तर नळीखालचं लोखंड लाकडी दस्त्यात डुगडुगत होतं. तेल मुरून आतलं लाकूड मऊ पडलेलं. मग नेम कितीही धरा, गोळी भलतीकडेच जाणार. मऊ भाग कोरून नानांनी तिथे सागाचा तुकडा चिकटवला आणि बायकोची, म्हणजे अक्कांची, काजळाची डबी उचलली. लोखंडाला काजळ फासायचं, दस्त्यात दाबायचं, काढायचं. लाकूड जिथे काळं होई तिथेच टेकतंय, तेवढं पटाशीने खरवडायचं. सगळीकडे सारखं टेकेपर्यंत ओट्यावर हाच उद्योग. अक्का म्हणाल्या, "नवरीले बी इतलं काजळ कोणी लावत नही."

स्क्रू आवळून झाल्यावर भोपळा ठेवायला मीच गेलो. माघारी येऊन नानांच्या मागे उभा राहिलो. गोळी सुटली आणि भोपळ्याच्या चिरफळ्या उडाल्या. नाना मटकन खाली बसले. "हात नही, लाकूड ढिलं व्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझ्याही जिवात जीव आला. घरी अक्कांनी न विचारता चहा बशीत ओतून दिला. परवान्याचा विषय मुलाने परत काढला नाही.

काही वर्षांनी नानांचा हात खरोखरच हलू लागला. आमची शेवटची भेट झाली तेव्हा त्यांनी सवयीने बशी पंजावर ठेवली आणि चहा धोतरावर सांडला. मी फडकं शोधायला उठलो. नाना मात्र हसले.

"आते हातच शे," म्हणाले. "लाकूड पक्कं शे."

आणि अक्कांनी धरलेल्या बशीतून सावकाश चहा प्यायले.