कोरे चौकोन

रोज सकाळी पाव आणायला निघाली की विनिफ्रेड हॅल्स्टेड मार्केट स्ट्रीटवर सोसायटीच्या दाराशी थांबायची आणि हातमोज्याच्या टोकाने तिथली पितळी पाटी पुसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण पाटी थोडी आपलीही आहे असं तिला वाटे, आणि ते खरंही होतं. घरासाठी कर्ज देणारी ती सोसायटी सभासदांच्याच मालकीची होती. गिरणी बंद पडून तिचा नवरा वॉल्टर आठ महिने घरी बसला, तेव्हा सोसायटीचा मॅनेजर स्वतः दारात आला होता. चहा प्यायला, "जमेल तेव्हा द्या, मिसेस हॅल्स्टेड," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये जाड लिफाफा आला. सोसायटीची कंपनी करायची आहे, सभासदांनी मत द्यावं. ठराव झाला तर प्रत्येकाला फुकट शेअर.

विनिफ्रेडने पत्र दोनदा वाचलं. तिच्या मुलीचं, डोरीनचं घर त्याच सोसायटीच्या कर्जावर उभं होतं, आणि जावयाच्या कारखान्यात माणसं कमी करायला लागले होते.

"सासूबाई, फुकट मिळतंय ते घ्यायचीही भीती?" क्लाइव्ह हसला.

"हप्ता चुकला तर चहाला कोण येणार आहे रे?"

"चहाला आताही कोण येतंय? पत्रं येतात. कंपनी झाली की पत्राचा कागद तेवढा गुळगुळीत होईल."

"तू गप," डोरीन म्हणाली. मग हळूच, "तुला वाटेल ते कर, आई. पण तुझे नि आमचे शेअर विकले तर आमचं वर्ष निघेल."

मुलीला नाही म्हणवेना, आणि 'होय'वर खूण करायला हात धजेना. विनिफ्रेडने खाली सही केली, दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि कागद टपालपेटीत टाकला. वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत पैशांच्या खिडकीवर बसणाऱ्या हेझलने विचारलं, "मत पाठवलंत, विनी?"

"पाठवलं, पण कोरं. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

हेझलचं पेन थांबलं. "सही केलीत?"

"केली की."

"मग ते कोरं कुठलं! सही आहे आणि खूण नाही, तर तुमचं मत अध्यक्ष देतात. त्यांच्या मर्जीने."

"आणि त्यांची मर्जी?"

हेझलने हनुवटीने भिंतीवरच्या पोस्टरकडे दाखवलं. तिथे अध्यक्ष हसत होते. खाली लिहिलं होतं, 'होय म्हणा'.

हेझल पुढे वाकून कुजबुजली, "स्वतः सभेला गेलात तर तिथलं मत धरतात. मी सांगितलं म्हणू नका."

विनिफ्रेड दोन बस बदलून सभेला एकटी गेली. दारावरच्या माणसाने "चहा आत आहे, आजी," म्हटलं तरी ती दचकली. शेकडो डोकी होती, आणि त्यातलं प्रत्येक वळून आपल्याकडेच बघतंय असं तिला वाटत होतं. 'नाही'च्या चौकोनात तिने इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. मग परतताना सगळी वाट तिला एकच भीती होती, फाटलेलं मत धरतील का? आणि धरलं, तर डोरीनला काय सांगू?

ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. शेअर आले, विकले गेले, डोरीनचं वर्ष निघालं. फुलीबद्दल विनिफ्रेडने कधी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी मार्केट स्ट्रीटवरची शाखा बंद झाली, हेझल घरी बसली, आणि पाटीच्या जागी चार भोकं उरली. विनिफ्रेड तरी तिथे थांबायची. हात वर जायचा आणि खाली यायचा.

त्या शरदात क्लाइव्हची नोकरी गेली आणि हप्ता चुकला. नोव्हेंबरातल्या एका सकाळी डोरीन आईकडे आली ती कोटाच्या खिशात कंपनीचं न उघडलेलं पत्र घेऊन. लिफाफ्याचा कागद खरंच गुळगुळीत होता. तिने तो टेबलावर ठेवला. त्याच दुपारी विनिफ्रेड खुर्चीत बसल्या बसल्या गेली, म्हणून डोरीनला ते बोलणं शब्दन् शब्द आठवतं.

"उघडू का, आई?"

"आधी चहा होऊ दे. आणि ते पत्र कपाखाली ठेव, टेबलाला डाग पडतो."