शेंडा मान टाकतो तेव्हा

आदरणीय देवकाबाईंची आणि माझी पहिली ओळख भीतीच्या दिवसांत झाली. वांग्यावर औषध फवारताना बाबा बांधावरच कोसळले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ते घरी आले त्या दिवशी बाई शेजारच्या गावाहून चालत आमच्याकडे आल्या. निवृत्त अंगणवाडी सेविका म्हणून त्यांचे नाव तेवढे ऐकून होतो. त्यांनी बाबांची विचारपूस केली आणि निघताना मला अंगणात बोलावून विचारले, "डॉक्टर काय म्हनले?"

मी सांगितले, "पुन्हा औषध अंगावर गेलं तर वाचवता येणार नाही म्हणाले."

"मंग तुले भेव वाटते का?"

"वाटते."

"वाटू दे. ज्याले भेव वाटते त्यालेच डब्याचं झाकण लावाची आठवण रायते."

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरव अंक निघतो आहे. त्यांच्याविषयी मोठ्या माणसांनी लिहावे. माझे शिक्षण दहावीपर्यंतही पोहोचले नाही. पण जे पाहिले ते नीट लिहिण्याचा प्रयत्न करतो.

चुलबंद नदीकाठी आमची भाजीची बाडी आहे. धान निघाल्यावर वांगी, चवळी, भेंडी लावतो. पुढच्या फाल्गुनात वांग्याचे शेंडे माना टाकू लागले. शेंडा वाकला म्हणजे आत अळी शिरली. ते पाहून बाबांनी गुपचूप औषधाची बाटली आणली. एका सकाळी ते फवारणीचा पंप घेऊन निघाले. आई आडवी आली, तेव्हा म्हणाले, "मेलो त मेलो, पर डोळ्यादेखत वांगे पोखरू देत नाही." मी बाईंना फोन केला.

बाई एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर बसून आल्या. बाबा पंपात पाणी भरत होते.

"काहून आले बाई तुमी? पोरानं बलावलं वाटते."

"बलावलं. माह्यासारखा भेदरट हाये तो."

त्यांनी 'फवारू नका' असे म्हटले नाही. एक वाकलेला शेंडा खुडला, नखाने उभा चिरला आणि आतली गुलाबी अळी तळहातावर घेऊन बाबांसमोर धरली. "हे आत बसून हाये, श्रावणभाऊ. वरून मारलेलं हिले कमी लागते, तुमालेच जास्त लागते." मग त्यांची नजर कुंपणाकडे गेली. तिथे मागच्या वर्षीच्या वाळलेल्या वांग्याच्या झाडांची रास रचून ठेवली होती.

"हे कायले ठेवलं?"

"होळीसाठी. गावाच्या होळीत पहिली मोळी आमच्या घरची असते. आज्याच्या काळापासून मान हाये."

"त्या काड्यांत कोष हायेत. त्यातून पाखरू निंगते अन् रातच्याले तुमच्याच शेंड्यावर अंडी घालते. होळीपर्यंत तुमी त्याले पोसून रायले."

बाबा चिडले. "म्हंजे माह्या बाडीले मीच कीड लावली?"

"तुमीच नाही, आपन सारेच. माह्या बी घरी होती अशीच रास. होळीले पळसाच्या काड्या द्या. मान मोळीचा हाये, वांग्याचा नाही. हे जळतवर पंप खाली ठेवा, मंग तुमची मर्जी."

बाबांनी पंप खाली ठेवला आणि रास पेटली. तिच्याकडे पाहत उभे राहण्यापेक्षा बरे, म्हणून की काय, बाबा वाकलेले शेंडे खुडून आगीत टाकू लागले. बाई दुसऱ्या ओळीला लागल्या. पुढे त्या काठावरच्या प्रत्येक बाडीत गेल्या, कारण एकाच्या घरची रास सगळ्यांना भोवते. पण आमच्या बाटलीविषयी त्यांनी कुठेही ब्र काढला नाही. "श्रावणभाऊनं सुरुवात केली," एवढेच त्या सांगत, आणि लोक बाबांकडे विचारायला येत.

चवळीवरच्या माव्यावर पहाटेच्या दवात चुलीची राख धुरळायची, किडके वांगे बांधावर न टाकता खोल पुरायचे, निंबोळीचा अर्क शिळा करायचा नाही, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. रासायनिक नाही म्हणून निर्धास्त व्हा, असे मात्र त्या कधी सांगत नाहीत. बचत गटातल्या एका ताईंनी स्वयंपाकाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तंबाखूचा काढा उकळून कौतुकाने आणला, तेव्हा बाईंनी तो काढा खड्ड्यात ओतला आणि खिळा ठोकून गंजाला भोक पाडले. ताई रडवेल्या झाल्या. "झाडाचं असलं तरी जहरच हाये, ताई. उद्या यात कोनी भात शिजवन," असे म्हणून बाईंनी स्वतःच्या घरचा गंज त्यांना दिला.

कीड संपली नाही. काही वांगी पोखरलेलीच निघत होती आणि बाबा ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहत. रोज उठल्यावर मी आधी पंप जागेवर आहे का ते पाहत असे. एक दिवस तो दिसला नाही. मी बाडीकडे धावलो. तिथे बाबा नव्हते. काठाने धावताना ते तोंडावर पालथे पडलेले मला जागोजागी दिसत होते. शेवटी बाईंच्या गावी पोहोचलो. बाबा त्यांच्या ओसरीवर बसले होते, पंप बाईंच्या पायाशी होता.

बाबा सांगत होते, "बाटली दुकानदाराले वापस केली. हा तुमच्याजवळ ठेवा. मले माह्या हाताचा भरवसा नाही."

बाई हसल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. त्यांनी पंप आत नेऊन ठेवला आणि चहा टाकला. बाबाही इतके दिवस घाबरलेले होते, हे मला तेव्हा कळले.

अजूनही दर फाल्गुनात शेंडे वाकू लागले की बाबा पंप मागायला बाईंकडे जातात. तिथे भांडतात, चहा पितात आणि रिकाम्या हातांनी परत येऊन शेंडे खुडू लागतात. गेल्या हिवाळ्यात बाईंना खोकल्याने अंथरूण धरायला लावले, तेव्हा मला दोन घरांची काळजी लागली होती. म्हणून या अंकातून मागतो ते रीत म्हणून नाही. बाईंचे गुडघे शाबूत राहोत, श्वास मोकळा राहो, त्यांनी शंभर फाल्गुन पाहावेत, आणि त्यातल्या प्रत्येकात बाबांना "नाही" म्हणायला त्या दारात उभ्या असाव्यात.