बंदीतल्या गोळ्या

फोन भाच्याचा होता. "मावशी, आईची जीभ वळत नाय," एवढंच म्हणाला. मी रत्नागिरीच्या इस्पितळात पोचले तेव्हा शालूआक्का, माझी थोरली बहीण, लुळा पडलेला हात गादीवर टाकून छताकडे बघत होती. त्याच आठवड्यात ती गेली. त्याला आता दीडेक महिना होईल, पण माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात... म्हणोत.

आक्काच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, रक्त पातळ करणारी गोळी आता जन्माची. चुकली तर झडपेवर गुठळी धरेल आणि मेंदूत जाऊन अडकेल, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. मधूनमधून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं तो आकडा, तपासायचा आणि तो बघून डॉक्टर गोळी पाव-अर्धी कमीजास्त करणार. पालेभाज्याही बेतानंच खायच्या, त्यांनीही औषधाचा जोर उतरतो. त्यावर आक्का हसायची, कोळणीच्या घरात पाला खातंय कोण म्हणायची. रिपोर्ट दर वेळी चांगला यायचा. भाचा तो कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

आक्का मासळीबाजारात बसायची. सुरमई कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मासे कापणाऱ्या हाताला काटा लागतोच, आणि गोळीमुळे साधा ओरखडाही वाहत राहायचा.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, बाजार भरला, तशी मी तिच्याकडे बांगडे घ्यायला गेले. बोलता बोलता तिच्या अंगठ्याला पातं लागलं. मी पिशवीतून रुमाल काढेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा. गोळी घेतेस ना, मी विचारलं. ती पाण्यात हात बुडवत शांतपणे म्हणाली, "बंदीत घेतंय ना रोज. धंद्याच्या दिवसांत नाय जमत गो. रगात माशाला लागला की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातो."

म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद असली की गोळी चालू, होड्या सुटल्या की गोळी बंद. आणि रिपोर्ट? तपासणीच्या आधी आठवडाभर ती नेमानं गोळ्या घ्यायची, पोरं परीक्षा आली की पुस्तक उघडतात तशी. दोन-तीन वर्षं निभावलं, म्हणून तिला वाटलं निभतंच. मी भर बाजारात तिच्याशी भांडले. संध्याकाळी भाचाही भांडला. त्याच्यासमोर तिनं गोळी घेतली म्हणे. पण गुठळी तोवर धरलेली असावी... दोन दिवसांत तो फोन आला.

परवा मी पहिल्यांदाच पुन्हा बाजारात गेले. आक्काच्या जागेवर आता भाच्याची बायको बसते. तोच पाट, तीच कोयती. हातात मात्र जाड मोजे, काटा न घुसणारे. मी बघत राहिले तशी म्हणाली, "आईंचं बघून भीती बसली, म्हणून आणले." समोर गिऱ्हाइकं उभी होती. कुणी पुढच्या टोपलीकडे गेलं नाही.

डॉक्टर, भाचा, मी... सगळ्यांनी गोळी घे, गोळी घे म्हणून तिच्यामागे लकडा लावला. तिच्या हातांचं काय करायचं, ते कुणालाच सुचलं नाही. आक्कानं असले मोजे घातलेच नसते, असं स्वतःला सांगून बघते. पटत नाही.