ऑर्लीननं हरकत घेतली नाही

टोबॅगोतल्या आमच्या शार्लटव्हिलला ऑर्लीन मासे विकायची. सुरी चालायची तसं तोंडही चालायचं, "रफ, टफ, कॉफ, डो, बाऊ." नवं गिऱ्हाईक बावचळायचं. इंग्रजीतल्या ह्या शब्दांचं बूड एकच, ओ-यू-जी-एच. आवाज मात्र निरनिराळे. एका आईची पोरं, पण तोंडावळा कुणाचा कुणाला नाही. स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरं जुळवून शब्द मांडायचा खेळ, खेळणारे अशी घराणीच्या घराणी पाठ करतात.

ऑर्लीनला ती शिकवली शेजारच्या सेफसनं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शनिवारी दोघं तिच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसायची. तो शब्द सांगायचा, ती मागनं घोकायची. शाळा तिची लवकर सुटलेली. सेफस म्हणेल तो शब्द खरा, विषय संपला.

स्पर्धेसाठी बार्बाडोसला जाणाऱ्या आमच्या स्क्रॅबल क्लबाच्या संघात एकच जागा उरली आणि तिच्यासाठी नेमकी ही दोघंच समोरासमोर बसली. ऑर्लीननं बेटाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. पोरीकडून नवा झगासुद्धा शिवून घेतला होता.

डावात तीच पुढं होती. सेफसच्या हातात झेड अडकलेला, सगळ्यांत भारी गुणांचं अक्षर. त्यानं कपाळ पुसलं, झेड पटावर ठेवला आणि त्याच्या पुढं तीच चार अक्षरं लावली, ओ-यू-जी-एच. असला शब्द ऑर्लीननं कधी ऐकला नव्हता. आमच्यात शब्दावर हरकत घेता येते. खोटा निघाला तर उचलावा लागतो, खरा निघाला तर हरकत घेणाऱ्याची पाळी जाते. कुणी विचारलंच नाही, तर खोटाही खपतो.

"हरकत हाय का?" पंचानं विचारलं.

"सेफसवर?" ती हसली. "राहिला असंल एखादा सांगायचा."

सेफसनं मान वर केली नाही. त्या शब्दानं डाव फिरला अन् जागा त्याला मिळाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लबाडा, हा लपवून ठेवलास व्हय? अर्थ काय रं त्याचा?"

"अर्थ कुठला? शब्दच न्हाई तसला. थाप हुती."

"मला थाप मारलीस?"

"खेळात चालतं, ऑर्लीन. तू इचारायचं हुतंस."

क्लबातली मंडळी फिदीफिदी हसली. "काय गं, तू मापात मारत न्हाईस काय?"

"ह्याला मासा कधी मापून दिला न्हाई," ती म्हणाली. "हाताला यील तेवढा दिला."

बार्बाडोसहून आला तसा सेफस पट काखेत मारून, रमची बाटली घेऊन ओसरीवर हजर. तिनं बसवलं, सरबत दिलं. त्यानं पहिला शब्द मांडला, 'हाऊस'.

"हरकत," ऑर्लीन म्हणाली.

"अगं, घर हाय ते! शेंबडं पोरगं सांगंल."

"तू म्हणतोस. बघ डिक्शनरीत."

त्यानं पानं चाळली. शब्द खरा, तिची पाळी गेली. त्यानं दुसरा मांडला. "हरकत." तिसरा मांडला. "हरकत." तिचं एक अक्षर पटावर उतरलं नाही. सेफसचे गुण ढिगानं वाढले आणि सदरा घामानं चिंब झाला.

"बास कर की गं बाई," तो शेवटी म्हणाला.

"जिंकतोयस की," ती म्हणाली. "मांड पुढचा."