देवघरामागची भिंत

विकत घ्यायचं घर पाहायला गेलं, की सुमनवहिनी आधी पाय धुवायला पाणी मागत. पाय स्वच्छच असायचे. अख्खी बादली न्हाणीघरात उपडी करून पाणी कुठे जातं ते त्या पाहत. रायपूरच्या पंडरी भागातल्या एका घरात पाणी मोरीकडे न जाता बैठकीकडे निघालं. मालक धावला, "दीदी, ये क्या कर रही हो?"

"मैं कुछ नहीं कर रही, भैया. आपका पानी मेहमानों से मिलने जा रहा है."

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर यवतमाळचं. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा ओळखीतला जो तो घर शोधत होता आणि वहिनींना सोबत नेत होता. ताज्या रंगावर त्यांचा भारी राग. "पोट्टी पाहाले गेलं त पावडर पुसून पाहावं," त्या म्हणत, "घराचंही तसंच."

तेलीबांधा भागातलं घर मी स्वतःसाठी पाहिलं तेव्हा सोबत अर्थात त्याच होत्या. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मालकांचं मोठं देवघर होतं. समई तेवत होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे जरा सरकवा ना."

मी दटावलं, "वहिनी, लोकांचे देव हलवता?" त्या मुकाट्यानं हात जोडून बाहेर आल्या.

आम्ही राहायला गेलो तेव्हा मालक देव घेऊन गेले होते आणि देवघराएवढी ओल मागे ठेवून. बोट लावलं की प्लास्टर गळायचं. नातेवाईक हसले, "वहिनी फेल!" वहिनीही हसल्या. मी गप्प बसलो. पुढे एकदा विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"सांगून काय करू? तुमची बायको तुमाले रोज बोलली असती. मले लोक कधीमधी बोलतात."

भिंत दुरुस्त झाली. वहिनींना मात्र मग कुणी घर पाहायला नेलं नाही. माझ्या मुलानं फ्लॅट घेतला, तेव्हा त्या इस्त्रीची साडी नेसून वाट पाहत होत्या, हे मला नंतर भावानं सांगितलं. आम्ही परस्पर सह्या करून पेढे घेऊन गेलो. वहिनी आता नाहीत. चुकल्या त्या नव्हत्या, मी होतो, एवढं लिहून ठेवतो.

त्या दिवशी पेढा हातात धरून त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "ऊन येते ना रे घरात?"

"खूब आता है, मोठी आई."

"मंग चांगलं हाय," म्हणाल्या आणि पेढा खाल्ला.